स्टिअरिंगची खडखड : कॉलममधला कपलर, खालचा शाफ्ट आणि वाया गेलेल्या दोन लिंका

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 94,000 किमी झालेली. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक. मोटार खाली रॅकवर (चाकं डावी-उजवीकडे वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्यावर) नाही, डॅशबोर्डमागे कॉलमवरच (स्टिअरिंगपासून खाली येणाऱ्या दांड्याच्या घरावर) बसवलेली. बऱ्याच छोट्या गाड्यांत हीच रचना असते, त्यामुळे मॉडेलच्या नावाने फारसा फरक पडत नाही. पान्यांचे आकार आणि टॉर्कचे आकडे मात्र याच गाडीचे आहेत, तुम्ही आपापलं मॅन्युअल उघडा.

तक्रार अशी : ताशी 15 ते 30 किमीला पेव्हर ब्लॉक, बुजवलेले खड्डे किंवा सिमेंट रस्त्याचे उखडलेले सांधे आले की स्टिअरिंगमधून खडखड. कानाला ऐकू येते आणि तळव्यालाही लागते. गुळगुळीत डांबरावर चिडीचूप. 80 ते 100 ला थरथर नाही, म्हणजे चाकांच्या बॅलन्सिंगचा संशय बाद. ब्रेक दाबल्यावर थरथर नाही, म्हणजे डिस्कचा संशयही बाद. स्टिअरिंग जड नाही, कुठला दिवा लागलेला नाही.

11 जानेवारी 2025, शनिवार. वेळ : 3 तास

पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावल्या, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका.

चाक आडवं धरून, म्हणजे घड्याळातल्या 9 आणि 3 वर हात ठेवून हलवलं : ढिलाई नाही. उभं धरून, 12 आणि 6 वर : ढिलाई नाही. आडव्या हलवण्यात खेळ सापडला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची दोन टोकं), उभ्या हलवण्यात सापडला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, असा साधारण हिशेब. रॅकचे रबरी बूट कोरडे, फाटलेले नाहीत. लोअर आर्मच्या मागच्या बुशला (रबरी गादीला) बारीक चिरा आहेत, पण पहारीने रेटून पाहिलं तरी बुश जागचा हलला नाही.

चाकं हवेत असतानाच आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं. आवाज शून्य. इथे पहिली चूक झाली. चाकं अधांतरी असली की ती स्टिअरिंगच्या मागोमाग मुकाट्याने फिरतात, सांध्यांवर ताण येतच नाही, त्यामुळे ढिला सांधाही बोलत नाही. ही तपासणी टायर जमिनीवर टेकलेले असतानाच करायची. हे लक्षात यायला आठवडा गेला.

12 जानेवारी, रविवार. 2.5 तास, 1,180 रुपये

‘खड्ड्यात खडखड म्हणजे स्टॅबिलायझर लिंक’ (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी काडी) हा गॅरेजमधला ठरलेला ठोकताळा. दहापैकी बऱ्याच वेळा तो बरोबरही असतो. म्हणून शनिवारी संध्याकाळीच जोडी आणून ठेवली होती.

जुन्या लिंकचा नट फिरवताना बॉल जॉइंटची दांडीच गोल फिरते. दांडीच्या टोकाला 5 मिमी ॲलन कीचं भोक असतं. त्यात की अडकवून नट 14 च्या रिंग पान्याने सोडवायचा. डावीकडच्या भोकात माती आणि गंज भरलेला, ॲलन की घसरून भोकाच्या कडा गेल्या. शेवटी नट करवतीने कापला, एक तास त्यातच गेला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. नवीन नट 50 न्यूटन मीटरला घट्ट केले.

जुन्या लिंका हातात धरून हलवल्या. दोन्ही बॉल जॉइंट चांगले कडक. म्हणजे फरक पडणार नाही हे गाडी सुरू करायच्या आधीच कळलं होतं, आणि पडलाही नाही. लिंक तपासायला विकत आणावी लागत नाही : एक टोक सोडवून हाताने हलवलं की निकाल लागतो.

18 जानेवारी, शनिवार. 4 तास

आजच्या दोन्ही गोष्टी चुकल्या. त्या सविस्तर लिहितो, कारण इंटरनेटवरचे सल्ले वाचून पुष्कळजण हेच करतात.

पहिली : रॅकच्या गाइडचा स्क्रू. रॅकच्या पोटात स्प्रिंगवर बसलेला एक ठोकळा असतो, तो रॅकला पिनियनवर (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकावर) दाबून धरतो. बाहेरून चेकनट आणि आत फिरवायचा स्क्रू. मार्करने खूण केली, चेकनट सोडवला, स्क्रू 45 अंश आवळला. आवाज किंचित मऊ झाल्यासारखा वाटला. पण वळण घेतल्यावर हात सैल सोडले, तर स्टिअरिंग सरळ परत येईना. अर्ध्यावरच थांबून राहिलं. हे धोक्याचं आहे. आवाज सहन होतो, पण आपणहून सरळ न होणारं स्टिअरिंग घेऊन घाट उतरता येत नाही. स्क्रू खुणेवर परत आणला. या स्क्रूला हात लावायचाच असेल तर मॅन्युअलमधली पद्धत आणि टॉर्क समोर ठेवूनच. ‘अंदाजे एक आटा’ इथे चालत नाही.

दुसरी : पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढून गाडी सोसायटीच्या आवारात हळू फिरवली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, खडखड मात्र तशीच. त्यावरून लिहून ठेवलं, ‘मोटारीचा संबंध नाही’. हा निष्कर्ष साफ चुकला. फ्यूज काढल्यावर मोटारीला वीज मिळत नाही एवढंच. ती कॉलमपासून सुटत नाही. कॉलमच्या दांड्यावर दातेरी चकती, तिला भिडलेला वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा), आणि वर्मला कपलरने (रबरी जोडणीने) जोडलेला मोटारीचा रोटर (आतला फिरणारा भाग). खड्ड्यात चाक हललं की दांडा हलतो, वर्म मागेपुढे फिरतो आणि जड रोटर जागचा हलायला तयार नसतो. या दोघांच्या भांडणात मधला कपलर मार खातो. वीज असो वा नसो.

19 जानेवारी, रविवार. 1.5 तास. निदान

टायर जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली ऑन वर. किल्ली काढून ठेवली तर स्टिअरिंग लॉक मध्ये येतं आणि त्याचाच टकटकाट फसवतो. मदतीला एकजण आत बसवला आणि त्याला एवढंच काम दिलं : स्टिअरिंग दोन-तीन अंश भराभर डावी-उजवीकडे हलवत राहायचं.

लगेच आवाज आला. टिकटिकटिक, कोरडा, डबीत वाटाणे हलवल्यासारखा.

मग आवाज कुठला हे शोधणं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. टाय रॉड एंड : शांत. रॅक : अगदी दूरचा आवाज. डॅशबोर्डखाली कॉलमवर मोटार जिथे बसते त्या ॲल्युमिनियमच्या घरावर टेकवलं, तर थेट कानात हातोडी मारल्यासारखं. मोटारीच्या मागच्या टोपीवर बोट ठेवलं तर प्रत्येक टिक बोटाला कळत होती.

हलवण्याचा पल्ला वाढवून 10-15 अंश केला, तेव्हा दिशा बदलताना पायाजवळून एक वेगळा, जाड ‘टक’ही येत होता. तो वरचाच आवाज दांड्यातून खाली उतरतोय असं समजून सोडून दिला. पुढे दोन आठवडे याच गैरसमजाने खाल्ले. आवाजाचा पोत वेगळा असेल तर उगम वेगळा धरावा, आणि तो वेगळा नाही हे सिद्ध होईपर्यंत यादीतून खोडू नये.

पार्ट : अधिकृत काउंटरवर ‘कपलर सुटा येत नाही, कॉलम पूर्ण बदलावा लागेल’ असं उत्तर. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात गाडीचा चेसिस नंबर आणि कॉलमच्या स्टिकरचा फोटो दाखवल्यावर सुटा रबरी कपलर 260 रुपयाला मिळाला. दोन घेतले. दुकानात ‘स्टिअरिंग मोटारचं रबर’ म्हटलं की पटकन कळतं.

25 जानेवारी, शनिवार. 6.5 तास. कॉलम बाहेर

क्रम असा ठेवला.

पुढची चाकं अगदी सरळ, स्टिअरिंगही सरळ, त्याचा फोटो काढला. बॅटरीची निगेटिव्ह काढून टोकाला कापड गुंडाळलं आणि 10 मिनिटं कशालाही हात लावला नाही. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ द्यावा लागतो. एअरबॅगच्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही.

स्टिअरिंगच्या दोन बाजूंना मागून टी30 टॉर्क्सचे स्क्रू. ते सोडवून एअरबॅगचं पॅड पुढे ओढलं, पिवळा कनेक्टर काढला. पॅड डिकीत ठेवलं, हॉर्नची बाजू वर करून. उलटं ठेवलेलं पॅड चुकून उडालं तर ते स्वतःच गोळ्यासारखं सुटतं.

मधला नट 19 चा. नट आणि दांडा यांवर एका रेषेत पांढरी खूण. नट पूर्ण काढला नाही. तीन-चार आट्यांवर सोडला आणि मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी हिसके देऊन सैल केलं. नट आधीच काढून टाकला तर स्टिअरिंग सुटतं ते थेट आपल्या तोंडावर. क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत एअरबॅग-हॉर्नची वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) जिथल्या तिथे चिकटपट्टीने बांधली. ती मोकळी फिरली की मध्य हरवतो, आणि नंतर पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते.

मग कॉलमचे प्लास्टिक कव्हर, कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-वायपरचा), सगळे कनेक्टर. पायाजवळ खालच्या शाफ्टचा (कॉलमला रॅकशी जोडणाऱ्या दांड्याचा) क्लॅम्प बोल्ट, 12 चा. तो नुसता सैल करून भागत नाही, तो दांड्याच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे पूर्ण बाहेर काढावा लागतो. क्लॅम्प आणि दांडा यांवरही रंगाची खूण. शेवटी कॉलमचे चार नट. मोटारीसकट कॉलम चांगला जड असतो. शेवटचा नट काढताना खालून गुडघ्याचा आधार द्या, वायरींवर लोंबू देऊ नका.

टेबलावर मोटारीचे दोन बोल्ट काढून ती सरळ ओढली. आतून काळ्या तिळांसारखा चुरा सांडला. कपलर सहा पाकळ्यांच्या फुलासारखा असतो. पाकळ्यांमधल्या तीन खाचांत मोटारीचे दात, तीन खाचांत वर्मचे, एकाआड एक. नवीन कपलरच्या पाकळ्या भरगच्च. जुन्याच्या दोन पाकळ्या पार गेलेल्या, उरलेल्या चार नखाएवढ्या पातळ आणि बोटाने चिमटल्यावर पापडासारख्या मोडणाऱ्या. धातूचे दात एकमेकांवर थेट आपटून त्यांच्या कडांना चकाकी आली होती.

चुरा कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्युमने काढला. पेट्रोल, कार्ब क्लीनर असलं काही आत मारलं नाही; शेजारीच सेन्सर आहे आणि वर्मचं ग्रीसही धुऊन जातं. नवीन रबर कोरडंच बसवलं. साधं ग्रीस लावून रबर फुगवण्यापेक्षा कोरडं बरं. मोटार बसवताना दात पाकळ्यांच्या खाचांत आपोआप येत नाहीत. मोटार किंचित फिरवत हलक्या हाताने ढकलायची, पूर्ण टेकली की मगच बोल्ट. फट राहिलेली असताना बोल्टने ओढून घेतली तर नवीन रबर पहिल्याच दिवशी चिरतं. बोल्ट 18 न्यूटन मीटर.

जोडणी उलट क्रमाने. क्लॅम्प बोल्ट 25, स्टिअरिंगचा नट 45.

खालचा शाफ्ट त्या वेळी सुटा होऊन समोर लोंबत होता. त्याचे दोन युनिव्हर्सल जॉइंट (समोरासमोर दोन यू आकाराचे काटे आणि मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस असलेले सांधे) हाताने हलवून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पाहिले नाहीत.

26-27 जानेवारी. 300 रुपये

टिकटिक पूर्ण गेली. पण डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा लागला. कारण : शनिवारी जोडणी करताना इंडिकेटर चालतोय का हे बघायला बॅटरी जोडून किल्ली ऑन केली, तेव्हा एअरबॅगचा कनेक्टर अजून काढलेलाच होता. कनेक्टर जोडल्यावरही नोंद राहते. स्वस्तातल्या ओबीडी डोंगलने (गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या छोट्या यंत्राने) इंजिनाचे कोड वाचता आले, एअरबॅगचा विभाग दिसलाच नाही. सोमवारी ऑटो इलेक्ट्रिशियनकडच्या स्कॅनरवर कोड पुसला, तीनशे रुपये. घाईची किंमत.

पॉवर स्टिअरिंगचा दिवाही बॅटरी जोडल्यावर लागला होता. इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत एकेकदा फिरवल्यावर तो विझला. प्रत्येक गाडीत असं होईलच असं नाही, काहींना स्कॅनरनेच मध्य शिकवावा लागतो.

1 फेब्रुवारी, शनिवार. 1 तास

आठवडाभर चालवल्यावर : खडखड सत्तर टक्के गेली. उरलेला आवाज खालचा, जाड, एकेकटा. ‘टक’. स्पीड ब्रेकरवरून एक चाक तिरकं उतरताना हमखास.

पुन्हा तीच तपासणी, या वेळी पल्ला 10-15 अंशांचा आणि माझा हात शाफ्टवर. अंगठा जॉइंटच्या वरच्या काट्यावर, तर्जनी खालच्या काट्यावर, अशी दोन्ही बोटं एकाच वेळी टेकवायची. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही बोटं एकत्र हलतात. इथे वरचं बोट आधी आणि खालचं एक क्षण मागाहून. केसाएवढीच ढिलाई, पण दोन बोटांमध्ये ती लपत नाही. दोष खालच्या जॉइंटमध्ये, जो फायरवॉलच्या रबराजवळ असतो आणि जिथे कारपेटखालचा ओलावा साचतो. क्रॉसच्या एका कपाभोवती तांबूस गंजाची वर्तुळाकार पूड होती.

त्यात ग्रीस पंपानं भरता येत नाही, निपलच नाही. सुईने तेल सोडून पाहिलं : दोन दिवस आवाज कमी, तिसऱ्या दिवशी परत. वेल्डिंग करून ढिलाई ‘घट्ट’ करून देणारे असतात. स्टिअरिंगच्या कुठल्याही सांध्यावर वेल्डिंग नको, हा सांधा तुटला तर स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाकं आपल्या वाटेने जातात. नवीन शाफ्ट मागवला, 2,350 रुपये, गुरुवारी हातात. भंगारातला आठशेला मिळत होता. त्याचीही तितकीच वर्षं झालेली, म्हणून घेतला नाही.

8 फेब्रुवारी, शनिवार. 2 तास

या वेळी स्टिअरिंग काढायचं काम नाही. चाकं सरळ, बॅटरी काढली, आणि स्टिअरिंगला सीटबेल्ट ओवून ताणून बांधला. खालचा शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग कोणी सहज फिरवलं तर क्लॉक स्प्रिंगचा मध्य जातो. बांधून ठेवलेलं बरं.

वरचा आणि खालचा क्लॅम्प बोल्ट बाहेर, शाफ्ट आतल्या आत दाबून आखूड केला आणि वर ओढून काढला. जुना आणि नवीन शेजारी ठेवून लांबी, दात आणि खाचा ताडून पाहिल्या. नवीन शाफ्टवर अर्थातच माझी रंगाची खूण नाही. जुन्यावरची खूण त्यावर नजरेने उतरवली. तिथेच गडबड झाली.

चक्कर मारली तर आवाज गेलेला, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं. दांड्यावर 36 दात, म्हणजे एक दात चुकला की 10 अंश. मोजलं तर साधारण तेवढंच.

9 फेब्रुवारी, रविवार. 50 मिनिटं

कललेलं स्टिअरिंग अलाइनमेंटवाल्याकडून टाय रॉड फिरवून सरळ करून घेता येतं, आणि पुष्कळजण तेच करतात. इथे ते चूक ठरलं असतं. चाकांची दिशा मुळात बरोबर होती, टाय रॉडला कोणी हातच लावला नव्हता. चुकला होता तो शाफ्टचा दात. टाय रॉड फिरवला असता तर स्टिअरिंग दिसायला सरळ, पण रॅकचा मध्य सरकलेला, एका बाजूचं वळण मोठं आणि दुसरीकडचं लहान.

खालचा क्लॅम्प पुन्हा सोडवला, एक दात सरकवून बसवला. दोन्ही क्लॅम्प बोल्ट नवीन, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून 25 न्यूटन मीटर. बोल्ट खाचेतून नीट गेला आहे याची खात्री करायला घट्ट करण्याआधी शाफ्ट वर-खाली ओढून पाहिला : निघत नाही. बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर पिवळ्या रंगाची एक रेघ मारली, पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

शेवटी कॉलमच्या खालच्या प्लास्टिक कव्हरची बारीक भुणभुण राहिली होती. दोनदा उघडबंद केल्याने त्याच्या खुंट्या सैल झालेल्या. कडेला फेल्टची चिकटपट्टी, 120 रुपये. गेली.

23 फेब्रुवारी, रविवार

540 किमी झाले. त्यात एकदा ताम्हिणी घाट, बाकी शहरातला पेव्हर ब्लॉकचा रस्ता. इंजिन बंद, टायर जमिनीवर, दोन्ही पल्ल्यांची तपासणी पुन्हा : वर टिकटिक नाही, खाली टक नाही. पिवळ्या रेघा अखंड.

खर्च : लिंका 1,180, कपलर दोन 520, शाफ्ट 2,350, स्कॅनर 300, फेल्ट 120, मार्कर आणि चिकटपट्टी 60. एकूण 4,530 रुपये. यातले लिंका आणि स्कॅनरचे 1,480 टाळता आले असते. एकवीस तास वीस मिनिटांपैकी उपयोगाचे फार तर अकरा तास. लोअर आर्मच्या मागच्या बुशच्या चिरा पावसाळ्यानंतर पुन्हा बघायच्या आहेत.